केळीचा पैसा एकदम येतो, घर मात्र रोज चालवावं लागतं

प्रश्न रावेर तालुक्यातल्या ३३ वर्षांच्या एका शेतकरी भावाचा आहे. थोडक्यात असा: सहा एकर बागायत. तीन एकरांत केळी, बाकीत कापूस आणि कापसानंतर हरभरा. पिकाचा सगळा खर्च वजा जाता बऱ्या वर्षी साडेपाच लाखांच्या आसपास राहतात. पत्नी शिलाईकामातून महिन्याला सहा हजार मिळवते. घरखर्च महिन्याला पंचवीस हजार. आई-वडील सोबत, मुलगी चार वर्षांची, मुलगा एक वर्षाचा. विकास सोसायटीचं पीककर्ज २ लाख ४० हजार. बहिणीच्या लग्नात गावातल्या एकाकडून शेकडा दोनने घेतलेले दीड लाख, त्याला दोन वर्षं झाली. पतसंस्थेत २ लाखांची ठेव, १० टक्क्यांनी. दोन विमा पॉलिसी, मिळून वर्षाला ३२ हजार हप्ता. घरात आठ तोळे सोनं. शालक म्हणतो फैजपूरकडे प्लॉट घ्या, मित्र म्हणतो शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत दर आठवड्याला पैसे सुटतात. "पैसा येस पन टिकत नही. संपत्ती उभी करायची तर सुरुवात कुठून करू?"

भाऊ, मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि आता जळगावात लोकांच्या घरच्या पैशाचे हिशेब मांडून देतो. तुमच्यासारखी परिस्थिती असलेली कुटुंबं मी रावेर-यावल-चोपड्यात पाहिली, शिरपूर-शहाद्यात पाहिली. केळीच्या जागी पपई किंवा मिरची असेल, एवढाच फरक. म्हणून आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू.

शेतीचे साडेपाच लाख आणि वहिनींचे बहात्तर हजार, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाख धरा. घरखर्च तीन लाख. विम्याचा हप्ता ३२ हजार. सावकाराचं व्याज ३६ हजार. एवढं काढलं तरी अडीच लाख उरायला हवेत. तुम्ही म्हणता उरत नाहीत. म्हणजे कमाई कमी पडते ही तुमची अडचण नाही. दरवर्षी अडीच लाख कुठे जातात हे घरात कुणालाच सांगता येत नाही, ही आहे. त्याचं कारण आपल्याकडच्या पिकाच्या पैशाच्या चालीत आहे.

नोकरदाराचा पैसा दर महिन्याला थोडा थोडा येतो, म्हणून त्याचा खर्चही आपोआप त्या मापात बसतो. आपला मृगबागेचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्या केळीचा, पैसा वर्षभराने येतो, कांदेबागेचा, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीचा, वेगळ्या वेळी, कापसाचा दिवाळीनंतर आपण जसा विकू तसा. केळीच्या दोन-तीन कटाया (तोडण्या) झाल्या की खात्यावर एकदम आठ-नऊ लाख दिसतात. त्यातले तीन-साडेतीन लाख पुढच्या लागवडीचं भांडवल असतं, रोपं, खत, ठिबकची दुरुस्ती, मजुरी. पण ते वेगळं काढलेलं नसतं, त्यामुळे घराला दोन महिने श्रीमंती वाटते. याच दोन महिन्यांत मोटारसायकल येते, जावळं मोठ्या थाटात होतात, कोणाला तरी हातउसने दिले जातात. मग जून-जुलैत खातं रिकामं, कृषी केंद्रावर उधारी, आणि पेरणीच्या तोंडावर शेकडा दोनवाला. उधारीवर घेतलेल्या खता-औषधाची किंमत रोखीपेक्षा जास्त लागते हे तुम्हाला माहीत आहेच. त्याहून महाग पडते ती दुसरी गोष्ट: ज्याची उधारी, त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला कापूस घालावा लागतो आणि भाव बोलायची सोय राहत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर गुंतवणुकीपासून सुरू होत नाही. एकरकमी पैशाला पगाराचं रूप द्या, इथून सुरू होतं. सालदाराशी, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याशी, आपण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरवतो. किती रक्कम, किती धान्य, मधे उचल किती, सगळं ठरतं आणि वहीत लिहिलं जातं. तसाच स्वतःच्या घराचा साल ठरवा.

करायचं कसं ते सांगतो. बँकेत दोन खाती ठेवा. एक शेतीचं, ज्यात मालाचे पैसे येतात. दुसरं घरचं, तुमचं आणि वहिनींचं जोडनावाने. शेतीच्या खात्यात रक्कम आली की सर्वांत आधी पुढच्या लागवडीचं भांडवल मुदत ठेवीत टाका, लागवडीच्या महिन्यात मुदत संपेल अशा बेताने. मग पंचवीस-पंचवीस हजारांच्या लहान ठेवी करा, एक महिन्याची, दोन महिन्यांची, तीन महिन्यांची, अशा अकरा. पहिल्या महिन्याचे पंचवीस हजार थेट घरच्या खात्यात. पुढे दर महिन्याला एक ठेव पिकते आणि पैसे घरच्या खात्यात जमा होतात. शाखेत जाऊन एकदा सांगितलं की हे होतं, आता मोबाईलवरूनही होतं. व्याज किती मिळेल याचा इथे विचार करू नका. घराला पगार लागतो, यासाठी हे आहे. महिना संपायच्या आत पंचवीस हजार संपले तर ते का संपले हे त्याच महिन्यात कळतं. वर्षाच्या शेवटी कळून उपयोग नसतो. शाखेतल्या साहेबांना अकरा ठेवींच्या पावत्या करायचा कंटाळा येईल, पण तुम्ही आग्रह धरा.

आता कर्ज, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या सगळ्या हिशेबात सर्वांत मोठी गळती इथे आहे.

आपल्याकडे "शेकडा दोन" हा शब्द इतका सरावाचा झालाय की तो जड वाटत नाही. दोन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. दीड लाखावर महिन्याला तीन हजार. दोन वर्षांत तुम्ही ७२ हजार रुपये देऊन बसलात आणि मुद्दल आहे तिथेच आहे. त्याच वेळी तुमचे दोन लाख पतसंस्थेत १० टक्क्यांनी पडलेत. म्हणजे तुम्ही एका हाताने १० टक्क्यांनी पैसे देताय आणि दुसऱ्या हाताने २४ टक्क्यांनी घेताय. दीड लाखामागे वर्षाला २१ हजारांचं नुकसान, तेही ठेव अडीअडचणीला असावी म्हणून. अडचण तर घरात येऊन बसलेलीच आहे, भाऊ.

ठेव याच महिन्यात मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून टक्का-दोन टक्के कापतील, कापू द्या. दीड लाख देऊन ते खातं कायमचं बंद करा. पैसे शक्यतो बँकेतून द्या म्हणजे नोंद राहते. देतानाच सही केलेले कोरे चेक, स्टँप पेपर, चिठ्ठी, जे काही त्याच्याकडे असेल ते परत घ्या आणि पूर्ण फेड झाल्याची सही दोन साक्षीदारांसमक्ष घ्या. "देतो नंतर, सापडत नाही" असं म्हणाला तर पैसे थांबवा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणं हा तर गुन्हाच आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते, आणि सावकारीत गेलेल्या जमिनीबद्दलही तिथेच दाद मागतात. गावात राहायचं असतं, त्यामुळे प्रत्येक जण तक्रार करेल असं मी म्हणत नाही. पण समोरच्याला कायदा माहीत आहे एवढं कळलं तरी बोलण्याची भाषा बदलते, हे मी पाहिलंय.

पतसंस्थेबद्दल आणखी एक. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होतं. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही, तिची इमारत कितीही चकाचक असो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. निवृत्तीचे पैसे दीड-दोन टक्के जादा मिळतात म्हणून ठेवलेले आणि पुढे स्वतःच्याच पैशासाठी अर्ज करत फिरणारे शिक्षक माझ्यासमोर बसून रडलेत. गावातली चांगली चालणारी पतसंस्था वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिथे बुडाली तरी घर बुडणार नाही एवढीच रक्कम ठेवा.

सोसायटीच्या पीककर्जाचं मात्र उलट आहे. ते फेडायची घाई नको, मुदत चुकवायची नाही, बस. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांचं, वेळेत भरलं की केंद्राची ३ टक्के सवलत, आणि राहिलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला ते बिनव्याजी पडतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पण मार्चच्या शेवटी नवं-जुनं करायला आठ-पंधरा दिवसांसाठी कुणाकडून तरी व्याजाने रक्कम उचलायची, भरायची आणि पुन्हा काढायची, हा खेळ बंद करा. त्यासाठी केळीच्या पैशातून २ लाख ४० हजारांची ठेव मुदतीच्या तारखेला पिकेल अशी बांधून ठेवा. आणि कर्जमाफीची वाट बघत थकू नका. २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, हे खरं. थकबाकीदार झालात की व्याजाची सवलत जाते, सिबिलचा स्कोर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुण, पडतो, नवं कर्ज मिळत नाही, आणि ती दोन-तीन वर्षं तुम्ही पुन्हा शेकडा दोनवाल्याच्या दारात. माफी आली तर आली. तिच्यावर घर बांधू नका.

मोटारसायकल, फ्रिज, ट्रॅक्टरच्या कर्जात "फक्त १२ टक्के फ्लॅट" असं सांगतात तेव्हा सावध व्हा. एक लाख, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे महिना ३,७७८ रुपयांचा हप्ता. बँकेच्या पद्धतीने, म्हणजे कमी होत जाणाऱ्या मुदलावर मोजलं तर तो दर २१ टक्क्यांच्या वर जातो. "घटत्या शिलकेवर किती टक्के" एवढं एकच वाक्य विचारत जा.

जामीनकीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण आपल्याकडे ती नसलेला माणूस विरळा. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या दुकानाला सही केली असेल तर ते कर्ज तुमचंही आहे असंच समजा. भारतीय करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल, असं काही बंधन तिच्यावर नाही. त्याचे हप्ते थकले की तुमच्या सिबिलवर डाग येतो. वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागवता येतो, मागवून बघा, कुठली विसरलेली सही निघते का ते.

सावकार सुटला, घराचा पगार सुरू झाला, की तिसरं काम राखीव पैशाचं. शहरातल्या लोकांना सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सांगतात. केळीवाल्याला ते पुरत नाही. मे-जूनच्या वादळात उभी बाग तासाभरात आडवी होते. सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर कोवळी रोपं उपटून फेकावी लागतात आणि पुन्हा लागवडीचा खर्च पडतो. भाव बऱ्हाणपूर-सावद्याला ठरतो, आपल्या हातात नसतो. हवामानावर आधारित फळपीक विमा घ्याच, पण त्याचं गणित तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर बसतं आणि पैसे हातात यायला वेळ लागतो. म्हणून एका पूर्ण वर्षाचा घरखर्च, तुमच्या बाबतीत तीन लाख, हे माझं लक्ष्य राहील. ठेव मोडून सावकाराचं भागवल्यावर पन्नास हजार उरतील, तिथून सुरुवात. उरलेले अडीच लाख एका बऱ्या वर्षात होतात, हे वरच्या हिशेबावरून दिसलंच. हा पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात. याच्यावर जास्त परतावा शोधायचा नाही.

सोनं विकू नका. वहिनींचे आठ तोळे हे त्यांचं स्त्रीधन आहे, आणि अडचणीच्या वेळी बँकेतलं सोनेतारण कर्ज शेकडा दोनच्या निम्म्याहून कमी दरात, एका दिवसात मिळतं. तीन-चार महिन्यांसाठी पैसे लागले तर सावकाराआधी ते दार आहे हे लक्षात ठेवा. दागिना गहाण टाकणं म्हणजे इज्जत गेली असं मानणारी माणसं चोवीस टक्के भरत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र गुंतवणूक म्हणून दर दिवाळीला दागिना घेणं वेगळं. घडणावळ गेली, ३ टक्के जीएसटी गेला, आणि मोडताना पुन्हा घट. जळगावचा सराफ बाजार कितीही नावाजलेला असला तरी हे गणित बदलत नाही. वापरायला घ्याल तो दागिना हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बघूनच घ्या, १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. निव्वळ सोन्याच्या भावात पैसे गुंतवायचे असतील तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारा सोन्याचा फंड, बरा. सरकारी सुवर्णरोखे त्याहून चांगले होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघालेले नाहीत.

प्लॉटबद्दल शालकांचा हेतू चांगला असेल, तरी माझा सल्ला आत्ता नको असाच आहे. तुमची सहा एकर जमीन त्याच भागात आहे. जमिनीचा भाव, पिकाचा भाव, पाऊस, सगळं एकाच मुलुखावर अवलंबून. त्यात आणखी एक तुकडा घेतला की जोखीम वाढते, कमी होत नाही. प्लॉट कर्ज काढून घ्यावा लागेल, त्यातून भाडं येत नाही, आणि दवाखान्यासाठी दोन लाख लागले तर दोन लाखांचा प्लॉट विकता येत नाही. कधी घ्याच, तर बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट, सातबारा आणि मागचे फेरफार वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. गुंठ्याने विकलेल्या अनधिकृत तुकड्यांत अडकलेले लोक भुसावळ-जळगावच्या कडेकडेने भरपूर आहेत.

ऑप्शनचं थोडक्यात सांगतो. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. तुमचा मित्र सुटलेल्या आठवड्यांबद्दल सांगतो. बुडालेल्या आठवड्यांबद्दल तो बायकोलाही सांगत नसेल. टेलिग्रामवरच्या टिप्सच्या गटातून आजच बाहेर पडा.

शेअर बाजाराला मात्र घाबरू नका. खान्देशात तरी आपण घाबरायला नको. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या काही घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले, हे सगळ्यांना माहीत आहे. या गोष्टीवरून लोक धडा घेतात की आपणही पुढची विप्रो शोधावी. मला ती गोष्ट निराळी दिसते. ज्यांनी शेअर राखले, त्यांना अडीनडीला ते विकावे लागले नाहीत. घर दुसऱ्या पैशावर चालत होतं, म्हणून कागद पेटीत राहिला आणि बोनसवर बोनस मिळत गेले. शेकडा दोनचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने तो पहिल्या दुष्काळात विकला असता. आणि त्याच अमळनेरची प्रताप मिल एके काळी गावाचा अभिमान होती, ती बंद पडली. त्या काळी गावात बसून यातली कुठली टिकेल हे कोण सांगू शकलं असतं? आजही नाही सांगता येत. म्हणून एक कंपनी निवडायच्या फंदात न पडता निफ्टीच्या पन्नास मोठ्या कंपन्या एकत्र घेणारा साधा इंडेक्स फंड घ्या. त्याचा खर्चही कमी असतो.

सावकाराला जाणारे तीन हजार आणि वर दोन हजार, असे महिन्याला पाच हजार धरा. वर्षाला सरासरी १० टक्के वाढ मिळाली तर वीस वर्षांत त्याचे सुमारे ३८ लाख होतात, तुमच्या खिशातून गेलेले असतात १२ लाख. एजंट इथेच थांबतो. पण महागाई ६ टक्के धरली तर तेव्हाच्या ३८ लाखांची किंमत आजच्या जवळपास १२ लाखांइतकीच असेल. म्हणजे पाच हजारांवरच थांबलात तर ही रक्कम आज दिसते तेवढी मोठी ठरणार नाही. म्हणून दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवत न्या. पाचचे साडेपाच, मग सहाच्या वर. त्याच वाढीच्या दराने वीस वर्षांत रक्कम ८० लाखांच्या घरात जाते. १० टक्के मिळतीलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, मीही देत नाही. २००८ मध्ये बाजार निम्म्याहून खाली आला होता, २०२० च्या मार्चपर्यंत दोन महिन्यांत ३८ टक्के पडला. पुन्हा पडेल. त्या वेळी न विकण्याची ताकद वर सांगितलेल्या तीन लाखांत आहे, म्हणून ते आधी.

फंडात दर महिन्याला ठरलेला हप्ता जातो त्याला एसआयपी म्हणतात. शेतकऱ्याच्या एसआयपीत एक अडचण हमखास येते. पीक निघण्याआधीच्या महिन्यांत खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो, बँक दंड लावते, दोन-तीनदा असं झालं की माणूस वैतागून बंद करतो. त्यापेक्षा पीक विकल्यावर वर्षाची रक्कम, समजा साठ हजार, त्याच कंपनीच्या लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) टाका आणि तिथून दर महिन्याला पाच हजार इंडेक्स फंडात जातील अशी सूचना द्या. एसटीपी म्हणतात त्याला. फंड वितरकामार्फत घेतलात तर त्याचं कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं, डायरेक्ट योजनेत जात नाही. ज्याला समजावून सांगणारं माणूस लागतं त्याने वितरकाकडून घ्यायला हरकत नाही, पण किती जातं हे विचारून घ्या.

आता तुमच्या जिवाचा विमा, कारण सहा माणसांच्या घरात मुख्य कमावणारे तुम्हीच. वर्षाला ३२ हजार भरूनही त्या दोन पॉलिसींत तुमच्या मागे सहा-सात लाखांपेक्षा जास्त मिळत नसावेत, अशा पॉलिसींचं साधारण तसंच असतं. एवढ्या पैशात घर दोन वर्षं चालेल, मग? तुम्हाला पाऊण ते एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, हवा, त्याचा हप्ता या ३२ हजारांपेक्षा बराच कमी बसेल. अडचण अशी की कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपण विवरणपत्र भरत नाही. या वर्षापासून भरा, कर शून्य असला तरी. कर्जालाही ते कामी येतं. तोवर बँकेच्या शाखेत जाऊन दोन अर्ज द्या. जीवनज्योती ४३६ रुपये वर्षाला, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. सुरक्षा विमा २० रुपये वर्षाला, अपघाताचे २ लाख. वहिनींचेही काढा. हप्ता मेअखेरीला खात्यातून कापला जातो, नेमकं तेव्हाच आपलं खातं रिकामं असतं आणि विमा बंद पडतो, म्हणून पाचशे रुपये राहू द्या. साप चावला, विजेचा धक्का बसला, विहिरीत पडून मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच द्यायचा असतो. घरातल्या एका तरी माणसाला हे माहीत हवं. दवाखान्यासाठी महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे, आयुष्मान कार्ड सगळ्यांची काढून ठेवा. आई-वडिलांपैकी कुणी सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचं वेगळं.

वहिनींचं नाव प्रत्येक ठिकाणी लावा. खात्यावर, ठेवींवर, फंडात नामनिर्देशन म्हणून, आणि सातबाऱ्यावरही. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तुमचे वडील हयात आहेत, जमीन अजून त्यांच्या नावावर असेल तर हे आईच्या नावापासून सुरू होईल. त्यांच्याशी नीट बोलून करा. घराच्या पगाराची वही वहिनींनीच लिहावी असंही मी म्हणेन. शिलाईचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला पैशाचा अंदाज बहुतेक वेळा पुरुषापेक्षा पक्का असतो.

मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं पोस्टात उघडा, वय दहाच्या आत आहे. वर्षाला अडीचशे रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा दर ८.२ टक्के झाला, सरकार दर तिमाहीला तो ठरवतं. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पिकतं, आणि मुलगी अठराची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतं. हा पैसा शिक्षणाचा म्हणूनच ठेवा. बहिणीच्या लग्नाचं कर्ज दोन वर्षं फेडणाऱ्या घराला मी वेगळं काय सांगू? मुलगी शिकून स्वतः कमावती झाली, तर तिच्या लग्नात कुणाच्या मानपानासाठी शेकडा दोनने पैसे आणायची वेळ तिच्या बापावर येऊ नये. ते ठरवणं मात्र तुमच्या हातात आहे, गावाच्या नाही. मुलासाठी वेगळी "बालविमा" पॉलिसी घेऊ नका, एजंट येईलच. त्याच्यासाठी इंडेक्स फंडातली रक्कम आहे.

राहिल्या त्या दोन पॉलिसी. सरसकट बंद करा असं मी सांगत नाही. निम्म्याहून जास्त मुदत झालेली असेल तर शेवटपर्यंत चालवलेली बरी. तीन-चार वर्षंच झाली असतील तर शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज बंद केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर किती मिळतील. टर्म विमा मंजूर होऊन हातात येईपर्यंत मात्र यातलं काहीही मोडू नका. पॉलिसी कोणत्या वर्षी घेतल्या, मुदत किती आणि विमा रक्कम किती, एवढं कळवलंत तर दोन्हींचा हिशेब मांडून सांगतो.